आठवी-नववीतल्या मुलांचा मोबाईल : नेमकं काय बघायचं, काय सोडायचं?

स्वराली_मानेवाडा
१४ मे, दुपारी ३:१२

नागपूरकर पालकांनो, सल्ला हवा आहे.

मुलगा यंदा नववीत जाईल. शाळा थेट जूनच्या शेवटी उघडणार. पारा पंचेचाळिशीला टेकलाय, त्यामुळे सकाळी अकरापासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत पोरांना बाहेर पाठवायची सोय नाही. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये, हे बुटीबोरीला शिफ्टमध्ये. घरात सासूबाई, कूलर आणि मोबाईल.

परवा जेवताना त्याने सहज विचारलं, "आई, गेममधलं गिफ्ट घरपोच येतं का? पत्ता द्यावा लागतो का?" खोदून विचारलं तेव्हा कळलं की बंदुकांच्या एका गेममध्ये याला कुणी 'दादा' भेटलाय. वय सोळा सांगतो, रायपूरचा म्हणतो. त्या गेममधले महागडे पोशाख याला फुकट दिले. मग व्हॉट्सॲप नंबर मागितला. मग फोटो. "ग्रुपमधला नको, एकट्याचा पाठव." मुलगा म्हणतो, पाठवला नाही.

यांचं म्हणणं, मोबाईल बंद. मला वाटतं, त्याचे सगळे मेसेज माझ्या फोनवर दिसतील असं ॲप टाकावं. बर्डीवरच्या एका दुकानदाराने तसं ॲप आहे म्हणून सांगितलं, वर्षाचे तीन हजार. मुलाला पत्ताही लागत नाही म्हणे. कुणी वापरलंय का?

कळमनेवाला
१४ मे, दुपारी ३:४०

ताई, भाऊजी बरोबर बोलून रायले. फोन काढून घ्या, विषय संपला. आमच्या घरी बारावीपर्यंत नियमच आहे. पोट्टं रडते दोन दिवस, मंग जाते बॅडमिंटन खेळायले. आपण काय मोबाईल पाहून मोठे झालो का?

तर्री_जास्त
१४ मे, दुपारी ३:५१

@कळमनेवाला भाऊ, मे महिन्यात दुपारी कुठी बॅडमिंटन खेळते तुमचं पोट्टं? पत्ता द्या, आमचंही पाठवतो.

कळमनेवाला
१४ मे, दुपारी ३:५८

सकाळी सहाले. तुमी उठत नसान तवा.

वाडीचा_टेक्निशियन
१४ मे, संध्याकाळी ६:२०

मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे माझं. आधी त्या तीन हजारवाल्या ॲपचं सांगतो.

असली ॲपं सहसा प्ले स्टोअरवर नसतात. दुकानदार एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकायची फाइल, टाकून देतो. ती चालावी म्हणून फोनचं प्ले प्रोटेक्ट (धोकादायक ॲप पकडणारी गूगलची सोय) बंद करावं लागतं आणि 'ॲक्सेसिबिलिटी' नावाची परवानगी द्यावी लागते. ही परवानगी ज्याच्याकडे आहे तो स्क्रीनवर दिसेल ते वाचू शकतो, तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतो. म्हणजे मुलाचे फोटो, गप्पा, तो कुठे आहे, हे सगळं कुणाच्या तरी सर्व्हरवर जमा. तो कुणी कोण, हे दुकानदारालाही ठाऊक नसतं. त्या रायपूरवाल्याला जे मिळालं नाही ते तुम्ही पैसे मोजून दुसऱ्या अनोळखी माणसाला देणार. आणि त्याच फोनवर कधी तुमचं बँकेचं ॲप उघडलं तर अजून मजा.

गूगलचं 'फॅमिली लिंक' फुकट आहे. मुलाचं गूगल खातं खऱ्या जन्मतारखेने काढा आणि आपल्या खात्याला जोडा. नवीन ॲप तुमच्या मंजुरीशिवाय उतरत नाही, रात्री ठरलेल्या वेळी फोन कुलूपबंद होतो, कोणत्या ॲपवर किती वेळ गेला ते दिसतं, लोकेशन दिसतं. चॅट मात्र दिसत नाहीत, हे आधीच सांगतो, नाहीतर उद्या माझ्या नावाने शंख कराल. आयफोन असेल तर 'स्क्रीन टाइम' त्यातच असतं.

व्हॉट्सॲपवर प्रायव्हसीत जाऊन 'ग्रुप्स'ला 'माय कॉन्टॅक्ट्स' करा, म्हणजे कुणीही उठून मुलाला भलत्या ग्रुपात टाकू शकत नाही. प्रोफाइल फोटोही फक्त ओळखीच्यांना. अनोळखी नंबरांचे कॉल गप्प करायची सोय तिथेच आहे. 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडून पाहा, त्याचं व्हॉट्सॲप दुसऱ्या कुठल्या कॉम्प्युटरवर चालू नाही ना.

इन्स्टाग्रामवर जन्मतारीख तपासा. अठराच्या आतल्यांचं खातं आता आपोआप 'टीन अकाउंट' होतं. खातं खासगी असतं, ओळख नसलेल्यांचे मेसेज येत नाहीत, आणि सोळाच्या आतल्याला हे सैल करायचं तर पालकांची परवानगी लागते. भारतात हे २०२५ पासून आहे. पण माझ्याकडे जे फोन येतात त्यातली निम्मी पोरं इन्स्टावर २००१ साली जन्मलेली असतात. मग ॲप त्यांना मोठा माणूसच समजणार.

घरच्या वायफायसाठी एक सोपी गोष्ट. राउटरमध्ये डीएनएस (साइटचा पत्ता शोधून देणारी सेवा) १.१.१.३ टाका. क्लाउडफ्लेअरची फुकट सेवा आहे, अश्लील आणि व्हायरसवाल्या साइट बऱ्याच अंशी अडवते. मोबाईल डेटावर गेला की त्याचा उपयोग नाही, हेही लक्षात ठेवा.

आणि ते 'अनलिमिटेड डायमंड' मिळणारे गेमचे मॉड एपीके, म्हणजे कुणीतरी फेरफार केलेल्या फायली! माझ्या दुकानात येणारे बिघडलेले फोन बघाल तर त्यातल्या बऱ्याच जणांचा रोग हाच. त्या फायली एसएमएस वाचायची परवानगी मागतात, पोरं ओके दाबतात, पुढचा ओटीपी तिसऱ्याकडे. बापाचा फोन असेल तर बापाचं खातं.

बारावी_सुटली
१४ मे, रात्री १०:०५

इथे बहुतेक सगळे काका-काकू दिसतायत, म्हणून मुलांच्या बाजूने लिहितो. मी एकोणीसचा आहे. आत्ताच त्या वयातून बाहेर पडलोय.

काकू, लपवायचं असेल तर आम्ही लपवतोच. व्हॉट्सॲपमध्ये चॅट लॉक आहे, गुप्त कोड टाकल्याशिवाय ते चॅट यादीत येतसुद्धा नाही. बऱ्याच फोनमध्ये दुसरी स्पेस उघडते, पासवर्ड वेगळा टाकला की वेगळाच फोन. कॅल्क्युलेटरसारखी दिसणारी ॲपं असतात, त्यात फोटो ठेवतात. इन्स्टाचं एक खातं घरच्यांसाठी, एक खरं. आणि फोन काढून घेतला तर मित्राचा असतोच. ट्यूशनला कोण बघायला येतं?

आमच्या क्लासमधल्या एकाची गोष्ट सांगतो, नाव-गाव सांगणार नाही. इन्स्टावर एका मुलीची रिक्वेस्ट आली. फोटो चांगले, दोन-तीन कॉमन फ्रेंडसुद्धा. गप्पा, मग टेलिग्राम, मग रात्री व्हिडिओ कॉल. समोरची मुलगी म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेला व्हिडिओ होता. याचं मात्र खरं रेकॉर्डिंग झालं. दोन मिनिटांत त्याच्याच फॉलोअर्सच्या यादीचा स्क्रीनशॉट आला, त्यात मावशी, क्लासचे सर, शाळेतले सगळे. "पाच हजार पाठव, नाहीतर सगळ्यांना जाईल." त्याने बाबांच्या फोनवरून पाठवले, पिन पाठ होता. मग आठ हजार मागितले. मग अजून.

तो तेव्हा बाबांकडे का गेला नाही, हे आम्ही नंतर विचारलं. म्हणाला, "बाबा नेहमी म्हणायचे, काही उद्योग केलास तर फोन फोडून टाकीन आणि क्लास बंद." धमकावणाऱ्याला हे माहीत असतं. त्याने मेसेजमध्येच लिहिलं होतं, "पापा को बताएगा तो फोन भी जाएगा, पढ़ाई भी." त्याचा सगळा धंदा या भीतीवरच चालतो.

@कळमनेवाला काका, राग मानू नका. तुमच्या घरचं मला माहीत नाही.

कळमनेवाला
१४ मे, रात्री १०:३०

राग नाई आला. पण बापानं धाक ठेवू नाई का मंग? धाक नसन तर पोट्टे काय काय करतीन याचा अंदाज तुले अजून नाई बेटा.

अनघा_समुपदेशक
१५ मे, सकाळी ७:४५

शाळेत समुपदेशक आहे, त्यामुळे या विषयावर जरा जास्तच बोलेन. चालवून घ्या.

स्वरालीताई, तुमच्या मुलाशी जे घडलं त्याचा क्रम बघा. आधी फुकट भेट. मग गेममधून व्हॉट्सॲपवर, म्हणजे जिथे तिसरं कुणी बघत नाही तिथे. मग साधाच, पण एकट्याचा फोटो. पुढची पायरी ठरलेली असते: "घरी सांगू नको, तुझे आईबाबा समजून घेणार नाहीत." त्यानंतर फोटोची मागणी बदलत जाते. या वाटेवर चालवणारा माणूस सोळा वर्षांचा असेलच असं नाही, रायपूरचा असेलच असंही नाही. हे एका रात्रीत होत नाही. आठवडे, कधी महिने जातात. मुलाला वाटत असतं की आपल्याला एक चांगला मित्र मिळाला.

पण तुमच्या मुलाने जेवताना तुम्हाला विचारलं. कुठल्याही ॲपने हे तुम्हाला कळवलं नसतं. त्याला अजून वाटतं की आईला विचारता येतं. आता तुम्ही चोरून मेसेज वाचणारं ॲप टाकलं आणि ते त्याच्या लक्षात आलं (येतंच), तर पुढच्या वेळी तो जेवताना गप्प बसेल.

@कळमनेवाला दादा, धाक असू द्या. पण कशाचा? खोटं बोलण्याचा, रात्री फोन घेऊन झोपण्याचा, दुसऱ्या मुलीचा फोटो फिरवण्याचा असू द्या. घरी येऊन सांगण्याचा धाक नको. हा फरक मुलांना आपोआप कळत नाही, तोंडाने सांगावा लागतो. मी पालकांना एक वाक्य पाठ करायला सांगते: "बरं केलंस सांगितलंस. फोन काढून घेणार नाही. दाखव, दोघं मिळून बघू." आणि मग खरंच काढून घ्यायचा नाही. पुढच्या महिन्यात दुसऱ्याच कुठल्या भांडणात "तेव्हाच घ्यायला हवा होता" असंही म्हणायचं नाही. हे अवघड आहे. पालकांना इथेच सगळ्यात जास्त त्रास होतो, असं मला दिसतं.

मुलींच्या बाबतीत थोडं वेगळं. माझ्याकडे येणाऱ्या प्रकरणांत त्रास देणारा बऱ्याचदा ओळखीचाच निघतो. वर्गातला, ट्यूशनचा, सोसायटीतला. मुलीच्या साध्या फोटोवरून एआयने नग्न फोटो बनवून ग्रुपात टाकायचा. इथे "तू फोटो टाकलाच कशाला" हा पहिला प्रश्न घरून येतो, आणि मुलगी पुन्हा कधीच काही सांगत नाही. सलवार-कमीजमधला, गणपतीपुढचा फोटोसुद्धा त्यासाठी पुरतो. चूक तिची नाही.

आणि एक प्रश्न कुणी विचारत नाही. आपलंच पोर हे करणारं असेल तर? वर्गातल्या मुलीचा फोटो बनवणारा मुलगा कुणाच्या तरी घरचाच असतो. त्याच्याशी आधीच बोलून ठेवा.

धरमपेठी
१५ मे, सकाळी ९:१०

अनघाताईंना +१.

थोडं अवांतर. मुलांच्या सुरक्षेवर भाषण देणारे आपण स्वतः काय करतो? तान्हा पोळ्याला लेकराला सजवलं, हातात लाकडी बैल, गळ्यात शाळेचं ओळखपत्र तसंच राहिलेलं, आणि फोटो सार्वजनिक प्रोफाइलवर. खाली ठिकाण. वाढदिवसाला "आमची चिऊ आज आठ वर्षांची", म्हणजे जन्मतारीख. निकालाच्या दिवशी रोल नंबरासकट गुणपत्रिका. शाळेच्या व्हॅनसमोर पहिल्या दिवसाचा फोटो, व्हॅनचा नंबर स्पष्ट. मुलाने गेममध्ये पत्ता द्यायची गरज काय, आईबाबांच्या प्रोफाइलवर सगळं आयतं मिळतं.

तर्री_जास्त
१५ मे, सकाळी ९:२२

गुणपत्रिका आता फक्त नव्वदच्या वरच्या टाकतात म्हणा. आमचं पोट्टं या बाबतीत एकदम सेफ आहे.

कोर्ट_काकू
१५ मे, दुपारी १:३०

वकील आहे. कोर्टाला सुट्टी आहे, तेव्हा सविस्तर लिहिते.

@बारावी_सुटली ने सांगितलेला प्रकार कुणाच्या घरी घडला तर पहिल्या तासात लोक घाबरून नेमकं उलटं करतात: पैसे देतात आणि चॅट पुसतात. पैसे दिले की समोरच्याला कळतं, इथे झरा आहे. चॅट पुसलं की पोलिसांच्या हाती काही उरत नाही. त्याऐवजी स्क्रीनशॉट घ्या. त्यात यूजरनेम, फोन नंबर, यूपीआय आयडी किंवा क्यूआर कोड, तारीख-वेळ दिसू द्या. प्रोफाइलची लिंकही वेगळी लिहून ठेवा, कारण नाव बदलता येतं. नंतर ब्लॉक करा. खातं डिलीट करू नका.

पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळतो. मधेच कुठे सापडला तर गोठवता येतो, म्हणून मिनिटं मोजावी लागतात. लेखी तक्रार केंद्रीय गृहमंत्रालयाच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते. पत्ता सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन. मुलांच्या लैंगिक शोषणाच्या साहित्याची तक्रार तिथे नाव न देताही करता येते. एखादं मूल हे वाचत असेल आणि घरी सांगायची हिंमत होत नसेल, तर मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. चोवीस तास, फुकट.

आता महत्त्वाचं. मुलाचा किंवा मुलीचा तसा फोटो, व्हिडिओ तुमच्या हाती आला तर तो कुणालाही पुढे पाठवू नका. काकाला नाही, वर्गशिक्षिकेला नाही, "बघा काय चाललंय" म्हणून पालकांच्या ग्रुपवर तर नाहीच. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली असं साहित्य पसरवणं गुन्हा आहे, पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असं साहित्य मुद्दाम बघणं, जवळ ठेवणं हेही पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या कायद्याच्या, कक्षेत येऊ शकतं. चांगल्या हेतूने पाठवणारे पालक यात अडकतात. ज्या फोनवर आलंय तो फोनच पोलिसांना दाखवा.

फोटो पसरू नये म्हणून 'टेक इट डाउन' नावाची सेवा आहे. अमेरिकेतली बेपत्ता व शोषित मुलांसाठीची राष्ट्रीय संस्था ती चालवते, २०२३ पासून. फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही. त्याचा फक्त एक सांकेतिक ठसा तयार होतो, आणि सहभागी कंपन्या (फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट वगैरे) तो ठसा जुळला की फोटो काढून टाकतात. नाव द्यावं लागत नाही. व्हॉट्सॲपच्या खासगी चॅटमध्ये फिरणाऱ्या फोटोला याचा उपयोग नाही. अठराच्या पुढच्यांसाठी अशीच 'स्टॉप एनसीआयआय' आहे.

कायद्याचं म्हणाल तर पोक्सो, २०१२ चं कलम ११ वाचा. लैंगिक हेतूने मुलाशी फोन-इंटरनेटवरून वारंवार संपर्क ठेवणं त्यात येतं. मुलाच्या शरीराचं खरं किंवा बनावट चित्रण वापरायची नुसती धमकी देणंही त्यात येतं. 'खरं किंवा बनावट' हे कायद्यातच लिहिलेलं आहे. म्हणजे अनघाताई म्हणतात ते एआयचे फोटो "खोटेच तर आहेत" म्हणून सुटत नाहीत. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. धमकी देऊन पैसे मागितले तर खंडणीचं कलम वेगळं लागतं.

करणारा अठराच्या आतला असेल तर तो बाल न्याय मंडळापुढे जातो. तुरुंगात जात नाही, पण "पोरखेळ आहे" म्हणून प्रकरण मिटतही नाही. दोन्हीकडच्या आईबापांनी चहा पिऊन मिटवायचा हा विषय नाही. कलम १९ प्रमाणे असा गुन्हा ठाऊक असून कळवला नाही तर न कळवणाराच अडचणीत येतो, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

पेन्शनर_त्रिमूर्तीनगर
१५ मे, दुपारी ४:०५

बँकेत आयुष्य गेलं, म्हणून फक्त पैशांबद्दल लिहितो.

घरातल्या मुलांना यूपीआय पिन माहीत असतो. दूध आणायला पाठवतो, भाजीवाल्याला पैसे द्यायला सांगतो, पिन आपणच सांगतो. पिन महिन्याकाठी बदला आणि स्वतः टाका. बाहेरगावी शिकणाऱ्या नातवासाठी आम्ही यूपीआय सर्कल वापरतो. खातं माझं, पैसे तो देतो, पण प्रत्येक वेळी मंजुरी माझ्या फोनवर येते. पिन सांगायचा प्रश्नच येत नाही.

रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःचं बचत खातं स्वतः चालवायची मुभा देता येईल असं कळवलं आहे. मर्यादा बँक ठरवते. मला ही गोष्ट पटते. थोडे पैसे असलेलं वेगळं खातं असलं तर आईबाबांचं खातं धोक्यात येत नाही.

आणि नंदनवन, मेडिकल चौकाकडे खोल्या घेऊन राहणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी. "तुझं खातं महिनाभर दे, कमिशन देतो" असं सांगणारे टेलिग्रामवर भरपूर आहेत. चोरीचा पैसा त्या खात्यातून फिरवतात. पोलीस सगळ्यात आधी खातेदाराच्या दारात येतात, आणि खातेदार तुमचा अठरा वर्षांचा मुलगा असतो. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने बंद झाले, तरी त्यांच्या लिंका त्याच टेलिग्रामवर येत राहतात.

नीट_पालक
१५ मे, संध्याकाळी ५:१५

टेलिग्रामचं निघालंच आहे तर भर घालते. परीक्षेच्या आधी 'पेपर मिळेल' म्हणणारे चॅनेल उगवतात. आधी शंभर रुपये, मग दोन हजार, मग प्रवेशपत्राचा फोटो मागतात. प्रवेशपत्रावर मुलीचं नाव, फोटो, जन्मतारीख सगळं. पैसे बुडाले तरी मुलं तक्रार करत नाहीत, कारण पेपर विकत घ्यायला निघालो होतो हे कुठल्या तोंडाने सांगणार?

संपादक मंडळ
१५ मे, संध्याकाळी ५:४०

एका सदस्याने संशयित व्यक्तीच्या चॅटचा स्क्रीनशॉट जोडला होता. त्यात मुलाचं नाव आणि दोन फोन नंबर दिसत असल्याने तो प्रतिसाद काढला आहे. अशा प्रकरणांत मुलाची ओळख उघड होईल असं काहीही इथे टाकू नका. पुरावा पोलिसांकडे द्यावा.

महालातला_बाबा
१५ मे, रात्री ९:००

सगळं वाचलं. एक शंका. मुलीला घेऊन पोलीस ठाण्यात जायचं म्हणजे बाकड्यावर चार तास, येणारे-जाणारे बघणार, तोच तोच प्रश्न. म्हणून लोक जात नाहीत. त्याचं काय?

कोर्ट_काकू
१५ मे, रात्री ९:३५

@महालातला_बाबा, शंका रास्त आहे. पोक्सोचं कलम २४ सांगतं की मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, आणि अधिकारी गणवेशात नको. मुलाला रात्री ठाण्यात थांबवता येत नाही. कलम २६ प्रमाणे जबाबाच्या वेळी आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेलं माणूस सोबत असतं. नाव-पत्ता छापता येत नाही. कागदावरचं प्रत्यक्षात उतरवायला कधीकधी आवाज चढवावा लागतो, हे मीही नाकारत नाही. तिथे कलमाचा आकडा सांगितला की फरक पडतो, म्हणून पाठ करून जा.

हद्दीचा वाद घातला तर तेही चालत नाही. गुन्हा करणारा रायपूरचा की कुठला ते कळायचंय, पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते. शहराचं सायबर ठाणं आहे, पण तिथेच जायला हवं असं नाही. हुडकेश्वर, अजनी, कोतवाली, जे जवळ असेल ते.

@स्वराली_मानेवाडा, तुमच्या मुलाच्या बाबतीत: त्या 'दादा'चा गेममधला आयडी, नंबर, चॅट जपून ठेवा, गेममध्ये रिपोर्ट करा, पोर्टलवर तक्रार टाका. अजून काही घडलं नाही म्हणून थांबू नका, तो दुसऱ्या कुणाच्या मुलाशी बोलत असेल. आणि मुलाच्या नावाने तुम्ही त्याच्याशी गप्पा मारून त्याला पकडायचा प्रयत्न करू नका. बरेच बाप हा पराक्रम करतात आणि समोरचा सावध होतो.

स्वराली_मानेवाडा
१७ मे, रात्री १०:२०

सगळ्यांचे आभार. ॲप घेतलं नाही. यांनाही हा धागा वाचायला दिला.

काल तिघं बसलो. अनघाताईंचं वाक्य वापरलं, पहिल्यांदा जरा पाठांतर केल्यासारखंच वाटलं. मुलाने फोन पुढे केला. चॅट पाहिलं, फोटो खरंच पाठवला नव्हता, पण शाळेचं नाव सांगून बसला होता. स्क्रीनशॉट घेऊन तक्रार टाकली, मग ब्लॉक केलं. ब्लॉक करताना त्याचा चेहरा पडला. "पण तो माझ्याशी चांगलाच वागायचा," म्हणाला. त्यावर मला लगेच काही सुचलं नाही.

फॅमिली लिंक त्याला सांगूनच टाकलं. रात्री दहानंतर सगळ्यांचे फोन हॉलमधल्या टेबलावर, माझा आणि यांचाही. ही अट त्याची. सासूबाईंचं यूट्यूबवरचं कीर्तन साडेदहापर्यंत चालतं, त्यावर अजून वाटाघाटी सुरू आहेत.

एक राहिलं. तो 'दादा' याच्या मावसभावाशीही बोलतो असं कळलं. मावसभावाच्या फोनचं काय करायचं? तो माझा मुलगा नाही, त्याच्या आईला सांगितलं तर ती त्याला बदडून काढेल.

अनघा_समुपदेशक
१७ मे, रात्री १०:५०

त्या आईला आधी हा धागा वाचायला द्या, चॅट नंतर दाखवा. जमलं तर तुमच्या मुलालाच भावाशी बोलू द्या. आणि तो चेहरा पडला त्याबद्दल: तुम्ही काही बोलायची गरज नव्हती. त्याचा मित्र गेलाय, त्याला दोन दिवस वाईट वाटू द्या. उद्या-परवा विचारा, तो चांगला वागायचा म्हणजे काय करायचा. उत्तर ऐकण्यासारखं असेल.

कळमनेवाला
१८ मे, सकाळी ६:५५

वाडीवाल्या भाऊले एक विचारायचं होतं. आमच्या पोरीले फोन नाई हे मी आधीच सांगितलं. तिच्या ट्यूशनचा ग्रुप माझ्या फोनवर आहे, तेवढाच पाहते. ते भलत्या ग्रुपात कोणी टाकू नाई याचं सेटिंग कुठी म्हणता?

वाडीचा_टेक्निशियन
१८ मे, सकाळी १०:३०

व्हॉट्सॲप उघडा भाऊ. सेटिंग्ज, प्रायव्हसी, ग्रुप्स, माय कॉन्टॅक्ट्स. त्याच फोनवर तुमचं यूपीआय पण आहे का? पिन पोरीला माहीत आहे?

कळमनेवाला
१८ मे, सकाळी १०:४४

हाव. तिनंच तर टाकून देल्ला होता.